वाचकांचे प्रश्न : विद्यार्थी शिकण्यात किती उतरलेत, हे मोजायचं कसं?

नवं सत्र तोंडावर आलं की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हजेरीचा विषय हमखास असतो. या वेळी मात्र पुण्यातल्या वाचकांनी त्यापुढचं विचारलं आहे : मुलं वर्गात येतात, पण शिकण्यात ती खरोखर किती सहभागी असतात आणि ते मोजता येतं का? पत्रं प्राध्यापकांची आहेत, एका पालकांचं आहे, एका विद्यार्थिनीचंही आहे. उत्तरांत आकडे आणि पायऱ्या शक्य तितक्या नेमक्या दिल्या आहेत, कारण हे काम बहुतेकदा तपशिलात फसतं.

प्रश्न : आमच्याकडे ७५ टक्के हजेरीची अट काटेकोर पाळली जाते, डिफॉल्टर यादी दर महिन्याला लागते. सत्राअखेरीस फीडबॅक फॉर्मही भरून घेतो. मग सहभाग वेगळा मोजायची गरज काय?
– आयक्यूएसी (महाविद्यालयाचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष) समन्वयक, कोथरूड

कॅटलॉगमधली हजेरी सांगते ती एकच गोष्ट : विद्यार्थी त्या वेळी खोलीत होता. प्रॉक्सी, म्हणजे मित्रानं लावलेली हजेरी, लक्षात घेतली तर तेवढंही खात्रीनं सांगता येत नाही. शिवाय डिफॉल्टर यादीचा धाक जितका मोठा, तितके सगळ्यांचे आकडे ७५ ते ८५च्या पट्ट्यात गोळा होतात. मन लावून शिकणारी मुलगी आणि शेवटच्या बाकावर मोबाइल पाहणारा मुलगा दोघंही ७८ टक्क्यांवर. जो आकडा माणसामाणसांत फरकच दाखवत नाही, त्याचा मोजमाप म्हणून उपयोग संपलेला असतो.

फीडबॅक फॉर्म समाधान मोजतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात २१ प्रश्न आहेत, २० पर्यायी आणि एक खुला. त्यांतले बहुतेक शिक्षक आणि संस्था काय करतात याबद्दल आहेत : अभ्यासक्रम किती शिकवून झाला, शिक्षक तयारी करून येतात का, वगैरे. ते विचारायलाच हवेत. पण विद्यार्थ्यानं स्वतः काय केलं, हे त्यातून फारसं कळत नाही. समाधान आणि शिकणं यांची दिशा एकच असेल असंही नाही. हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत फार बोलका आहे. ज्या मुलांनी गटात बसून स्वतः गणितं सोडवली, ती चाचणीत पुढे होती, पण ‘आपण जास्त शिकलो’ असं वाटलं ते सफाईदार व्याख्यान ऐकलेल्या मुलांना. अशा वर्गात नुसता समाधानाचा फॉर्म वापरला, तर चांगल्या शिकवण्याला कमी गुण पडतील.

सहभागाचे तीन धागे मानले जातात. फ्रेडरिक्स, ब्लुमेनफेल्ड आणि पॅरिस यांच्या २००४ च्या आढाव्यापासून ही विभागणी रूढ झाली. पहिला वर्तनाचा : येणं, लिहिणं, सबमिशन देणं, प्रश्न विचारणं. दुसरा भावनेचा : विषयाची गोडी, वर्गात आपलेपणा, कंटाळा, भीती. तिसरा विचाराचा : नवं आधीच्याशी जोडून पाहणं, चूक का झाली ते शोधणं, न कळलेल्या भागावर परत येणं. महाविद्यालयांत मोजला जातो तो जवळजवळ नेहमी पहिलाच, कारण त्याची नोंद आयती असते.

मात्र मोजण्याआधी एक काम करा. या मोजणीवरून कोणता निर्णय घ्यायचा आहे, तो एका वाक्यात कागदावर लिहा. ‘एसवायचा ट्युटोरियलचा तास गटांत घ्यायचा की नाही’ एवढं नेमकं हवं. असं वाक्य लिहिता येत नसेल, तर मोजणी या सत्रापुरती पुढे ढकला. फाइलमध्ये लावण्यासाठी केलेल्या सर्वेक्षणानं मुलांचा वेळ जातो आणि पुढच्या खऱ्या सर्वेक्षणाला ती तोंडदेखली उत्तरं देतात.

प्रश्न : अमेरिकेत यासाठी तयार प्रश्नावली आहे असं ऐकलं. तिचं मराठी भाषांतर करून वापरली तर चालेल का?
– शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापिका, डेक्कन

तुम्ही म्हणता ती इंडियाना विद्यापीठातून चालवली जाणारी एनएसएसई, म्हणजे ‘नॅशनल सर्व्हे ऑफ स्टुडंट एंगेजमेंट’. १९९९ मध्ये तिची प्राथमिक चाचणी झाली आणि २००० पासून ती नियमित होते. पहिल्या आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ती दिली जाते. २०१३ च्या सुधारणेनंतर तिच्यात चार विषयगट आणि दहा निर्देशांक आहेत. बऱ्याच प्रश्नांना ‘कधीच नाही, कधीकधी, अनेकदा, खूपदा’ असे पर्याय असतात आणि त्यांना ०, २०, ४०, ६० असे गुण देऊन सरासरी काढतात. रचना शिकण्यासारखी आहे. प्रश्नांवर मात्र स्वामित्वहक्क आहे, ते वापरायला रीतसर परवानगी लागते. म्हणून रचना समजून घ्या आणि प्रश्न स्वतःचे लिहा.

परवानगी मिळाली तरी जसंच्या तसं भाषांतर इथे बसत नाही. तिथे शिक्षकांना ठरलेल्या वेळी त्यांच्या खोलीत भेटण्याची पद्धत आहे. आपल्याकडे शंका विचारली जाते ती तास संपल्यावर टेबलापाशी, स्टाफरूमच्या दारात किंवा रात्री व्हॉट्सॲपवर. प्रश्नात हे सगळे मार्ग नावानिशी आले नाहीत, तर मुलं ‘कधीच नाही’वर खूण करतील आणि प्राध्यापक-विद्यार्थी संवाद शून्य दिसेल. वेगळ्या पार्श्वभूमीच्या लोकांशी चर्चा, हा प्रश्नही पुण्यात वेगळा मांडावा लागतो. इथे एका बाकावर लातूरचा, धुळ्याचा आणि पेठेतला मुलगा असू शकतो. जिल्हा, शाळेचं माध्यम, घरचा व्यवसाय, असं नेमकं विचारलं तरच त्या प्रश्नाला अर्थ येतो.

प्रश्न लिहिताना काळ बांधून द्या. ‘तुम्ही साधारणपणे किती अभ्यास करता?’ याला मुलं आपण कसे असावे ते सांगतात. ‘गेल्या ७ दिवसांत’ म्हटलं की आठवून उत्तर द्यावं लागतं. पर्यायही मोजता येणारे ठेवा : एकदाही नाही, १–२ वेळा, ३–५ वेळा, ६ किंवा जास्त वेळा. ‘अनेकदा’ म्हणजे किती, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. विचाराच्या धाग्यासाठी या धर्तीची पाच विधानं पुरतात :

तासाला येण्याआधी नेमून दिलेला भाग वाचला. / शिकवलेला एखादा मुद्दा मित्राला किंवा मैत्रिणीला समजावून सांगितला. / उत्तर चुकलं तेव्हा का चुकलं ते शोधून काढलं. / न समजलेली गोष्ट शिक्षकांना विचारली (वर्गात, स्टाफरूममध्ये किंवा फोनवर). / या विषयातलं काही दुसऱ्या विषयात, घरी किंवा कामाच्या ठिकाणी लावून पाहिलं.

प्रत्येक विधानात एकच गोष्ट असावी. ‘शिक्षक वेळेवर येतात आणि समजेल असं शिकवतात’ या विधानाला उशिरा येणाऱ्या पण उत्तम शिकवणाऱ्या शिक्षकांचा विद्यार्थी काय उत्तर देणार? भाषा मुलांची ठेवा. असाइनमेंटला ‘असाइनमेंट’च म्हणा, ‘स्वाध्याय’ म्हटलं की अर्धा वर्ग दहावीच्या पुस्तकात जातो. फॉर्म मराठी आणि इंग्रजी दोन्हींत द्या, एकाखाली एक.

मग सहा ते आठ विद्यार्थ्यांना एकेकटं बसवून फॉर्म मोठ्यानं वाचायला सांगा आणि प्रत्येक प्रश्नावर ‘यात काय विचारलंय असं तुला वाटलं?’ एवढंच विचारा. त्यांत मराठी माध्यमातून आलेले दोघे, नोकरी करणारा एक आणि इंग्रजी माध्यमातले दोघे असू द्या. दोनपेक्षा जास्त मुलं ज्या प्रश्नावर अडखळली, तो पुन्हा लिहा. ही पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि पुढचं निम्मं नुकसान तिथंच होतं.

प्रश्न : किती मुलांकडून फॉर्म भरून घ्यायचा आणि केव्हा? लिंक पाठवली तर १२० पैकी तीसच जण भरतात.
– वाणिज्य शाखेचे प्राध्यापक, हडपसर

एका वर्गाचा प्रश्न असेल तर नमुना निवडूच नका, सगळ्यांकडून घ्या. तासाची पहिली दहा मिनिटं द्या, क्यूआर कोड फळ्याशेजारी लावा आणि ज्यांच्याकडे नेट नाही त्यांच्यासाठी १५–२० छापील प्रती ठेवा. शेवटची दहा मिनिटं देऊ नका, मुलांचं लक्ष बसकडे असतं.

आकड्यांचं गणित असं. १२० पैकी ६० जणांनी भरलं, तर टक्केवारीत सुमारे ९ अंकांची इकडेतिकडे मुभा धरावी लागते. ९० जणांनी भरलं तर सुमारे ५ अंकांची. संपूर्ण महाविद्यालय २४०० विद्यार्थ्यांचं असेल, तर यादीतून यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखे, निवडलेले साधारण ३३० प्रतिसाद ५ अंकांच्या मुभेला पुरतात. हे हिशेब ९५ टक्के खात्रीचे आहेत आणि ते फक्त यादृच्छिक नमुन्याला लागू पडतात. लिंकवर आपणहून भरणारी तीस मुलं यादृच्छिक नसतात. ती बहुधा आधीच सहभागी असलेली, नाहीतर फार चिडलेली असतात, आणि मधला मोठा वर्ग गप्प राहतो. अशा वेळी मुभेचा आकडा छापणं दिशाभूल करणारं आहे. त्याऐवजी भरणाऱ्यांत मुली-मुलगे, माध्यम आणि गावाहून येणारे यांचं प्रमाण किती, हे मस्टरशी ताडून पाहा आणि तफावत अहवालात स्पष्ट लिहा.

वेळेबद्दल : १५ आठवड्यांच्या सत्रात सहावा-सातवा आठवडा उत्तम. मुलांना विषयाचा अंदाज आलेला असतो आणि निकालावरून काही बदलायला निम्मं सत्र हातात राहतं. पुण्यात पहिल्या सत्राचं कॅलेंडर मात्र बघून घ्या. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी आणि गणेशोत्सव यांच्या आसपासचा ‘गेले ७ दिवस’ हा नेहमीचा आठवडा नसतो. ढोल-ताशा पथकातल्या मुलांचा तर नसतोच. दुसऱ्या सत्रात फिरोदिया करंडक आणि स्नेहसंमेलन हेच करतात. इंटर्नल परीक्षेच्या आधीचा आठवडाही टाळा, कारण तेव्हा अभ्यासाचे तास फुगलेले दिसतात. तारीख सरकवणं शक्य नसेल, तर निदान दोन्ही सत्रांत असा एकसारखाच आठवडा निवडा.

प्रश्न : विज्ञान शाखेचा मोठा वर्ग आहे. फॉर्म नको, शिकवतानाच कळायला हवं. १२० जणांत कोण खरंच लक्ष देतंय, हे पाहायचं कसं?
– रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, शिवाजीनगर

शिकवणाऱ्या माणसाला हे एकट्यानं होत नाही. त्याची नजर पहिल्या तीन बाकांवर आणि माना डोलावणाऱ्या चार-पाच चेहऱ्यांवर जाते. म्हणून सहकाऱ्याला मागे बसवा. यासाठी ‘कोपस’ नावाची निरीक्षणपद्धत २०१३ मध्ये विज्ञान शाखांच्या पदवी वर्गांसाठी प्रसिद्ध झाली. दर दोन मिनिटांनी तक्त्यात खुणा करायच्या. विद्यार्थी काय करताहेत यासाठी १३ संकेत आणि शिक्षक काय करताहेत यासाठी १२. म्हणजे ५० मिनिटांच्या लेक्चरचे २५ तुकडे होतात. दीड-दोन तासांच्या सरावात ही पद्धत हाताला बसते. यात ‘चांगलं-वाईट’ असा शेरा कुठंही नाही, फक्त काय घडलं त्याची नोंद आहे. सहकाऱ्याच्या मागे बसण्याची धास्ती त्यामुळे बरीच कमी होते.

सुरुवातीला २५ संकेत जड वाटले तर विद्यार्थ्यांसाठी सातच ठेवा : ऐकणं-लिहून घेणं, एकट्यानं सोडवणं, शेजाऱ्याशी विषयावर चर्चा, शिक्षकांच्या प्रश्नाला उत्तर, स्वतः प्रश्न, नुसतं थांबून राहणं (प्रोजेक्टर सुरू होईपर्यंत, हजेरी संपेपर्यंत) आणि इतर. दोन तुकड्यांत मिळून जे घडलं ते लांबच्या तुकड्यात टाकायचं नाही, दोन्हींत खूण करायची. पहिल्या दोन लेक्चरना दोन निरीक्षक बसवा आणि त्यांनी एकमेकांचे कागद पाहू नयेत. २५ पैकी २२ तुकड्यांत खुणा जुळल्या तर ८८ टक्के जुळणी झाली. पण वर्ग सगळा वेळ फक्त ऐकतच होता, तर ही जुळणी फुकट मिळते. त्यामुळे जुळणी तपासायला ज्यात काही हालचाल आहे असं लेक्चर निवडा. एका लेक्चरवरून निष्कर्ष काढू नका; एका विषयाची निदान तीन लेक्चर्स, वेगवेगळ्या वारांची.

फळ्याकडे लागलेले डोळे म्हणजे विचार चालू असल्याचा पुरावा नव्हे. तो मिळवायला चिठ्ठी हे सर्वांत स्वस्त साधन आहे. ए-फोर कागदाचे चार तुकडे केले की १२० मुलांना ३० कागद लागतात. तास संपायच्या चार मिनिटं आधी दोन प्रश्न : ‘आज शिकवलेल्यातला कोणता मुद्दा अजून धूसर आहे?’ आणि आजच्याच भागावरचा एक छोटा वापराचा प्रश्न, उदाहरणार्थ, ‘बफर द्रावणात थोडं आम्ल टाकलं तर पीएच फारसा का बदलत नाही, एका वाक्यात.’ नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्यांचे चार गठ्ठे करा : कारणासह बरोबर, कारणाशिवाय बरोबर, चूक, कोरी किंवा वहीतलं वाक्य उतरवलेलं. गुण द्यायचे नसल्यामुळे हे पटकन होतं. चार आठवडे हे केलं की पहिल्या आणि चौथ्या गठ्ठ्याची जाडी कशी बदलते, ते कोणत्याही फॉर्मपेक्षा जास्त सांगतं. पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं सर्वांत जास्त वेळा आलेल्या शंकेला द्या. हे दोनदा चुकलं की तिसऱ्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्या येतात.

आणखी एक मोजमाप घड्याळावर होतं : प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती सेकंद थांबता. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७०च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. निरीक्षकाला हे सेकंद नोंदवायला सांगा.

एवढ्या खटपटीला आधार आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं, विद्यार्थी स्वतः काही करत शिकलेल्या वर्गांत २१.८ टक्के.

प्रश्न : मूडल (अभ्यासक्रमाची ऑनलाइन प्रणाली) आणि गूगल क्लासरूमवर सगळी नोंद असते. तीच वापरली तर?
– संगणक विभागप्रमुख, वाघोली

वापरा, पण क्लिक मोजू नका. एक मुलगी पीडीएफ उतरवते आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. बाकीचे साठ जण ती तिथे वाचतात. मूडलच्या नोंदीत त्या साठांनी काहीच पाहिलेलं नसतं. उलट कोणाच्या ब्राउझरमध्ये पान रात्रभर उघडं राहिलं तर आठ तास अभ्यास दिसतो. घरात एकच फोन असलेली भावंडं, हॉस्टेलमधला सामायिक लॅपटॉप, यांनीही नोंद विस्कटते. गूगल क्लासरूममध्ये तर शिक्षकाला मुख्यतः सबमिशनच दिसतं, वाचन दिसत नाही.

नियमितपणा मात्र या नोंदीतून चांगला कळतो. १५ पैकी किती आठवड्यांत विद्यार्थ्यानं निदान एक स्वाध्यायचाचणी सोडवली? असाइनमेंट जाहीर झाल्यावर पहिला प्रयत्न किती दिवसांनी आला? चाचणीत कमी गुण पडल्यावर, सक्ती नसताना, दुसरा प्रयत्न केला का? हा तिसरा आकडा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात विचाराचा धागा दिसतो. सबमिशनची अंतिम मुदत रात्री १२ ऐवजी संध्याकाळी ५ ठेवली की शेवटच्या तासातली गर्दी वेगळी कळते. कंपनीत शिफ्ट करणाऱ्या मुलांना मात्र तशी आधी कल्पना द्या.

प्रश्न : फॉर्म भरून झाले, आकडे स्प्रेडशीटमध्ये आहेत. पुढे? सरासरी काढून ‘अ’ आणि ‘ब’ तुकडीची तुलना केली तर पुरेल का?
– संख्याशास्त्र न शिकलेल्या प्राध्यापिका, चिंचवड

आधी सफाई. सगळ्या प्रश्नांना एकच पर्याय निवडलेले फॉर्म वेगळे काढा. हे पकडण्यासाठीच फॉर्ममध्ये एक-दोन उलटी विधानं ठेवायची असतात, जसं ‘तासाला काय चाललंय याकडे माझं लक्ष नव्हतं.’ ऑनलाइन फॉर्मला लागलेला वेळ कळत असेल, तर प्रत्येक प्रश्नाला दोन सेकंदही न दिलेले फॉर्म बाजूला ठेवा. किती काढले आणि का, हे लिहून ठेवा.

मग उलट्या विधानांचे गुण फिरवा. १ ते ४ गुण असतील तर ५ मधून वजा करायचे. यानंतर ती पाच विधानं मिळून एकच गोष्ट मोजतात का, हे क्रोनबाकच्या अल्फानं तपासतात. सूत्र सोपं आहे. प्रत्येक प्रश्नाचं प्रचरण, म्हणजे गुण किती पसरलेत त्याचं माप, काढा (स्प्रेडशीटमध्ये व्हेरियन्सचं तयार सूत्र असतं) आणि त्यांची बेरीज करा. प्रत्येक विद्यार्थ्याच्या एकूण गुणांचं प्रचरण वेगळं काढा. समजा, पाच प्रश्नांच्या प्रचरणांची बेरीज ४ आली आणि एकूण गुणांचं प्रचरण १० आलं. ४ भागिले १० म्हणजे ०.४, १ मधून वजा केल्यावर ०.६; त्याला ५ भागिले ४ नं गुणलं की ०.७५. साधारण ०.७ च्या वर असेल तर पाच विधानांची एकत्र सरासरी काढायला हरकत नाही. अल्फा फारच कमी किंवा उणे आला, तर बहुतेकदा एखादं उलटं विधान फिरवायचं राहिलेलं असतं. ०.९५ च्या वर आला तर खूश होऊ नका, तुम्ही एकच प्रश्न पाच वेळा विचारला असण्याची शक्यता मोठी.

आता तुलना. वरच्याच उदाहरणात एकूण गुणांचं प्रचरण १०, म्हणजे प्रमाण विचलन (प्रचरणाचं वर्गमूळ) ३.१६, पाचांनी भागल्यावर सरासरी गुणांचं विचलन ०.६३. दोन्ही तुकड्यांत ६०–६० मुलं असतील तर दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची प्रमाण त्रुटी (निव्वळ योगायोगानं तो किती हलू शकतो त्याचं माप) सुमारे ०.१२ येते. ढोबळ नियम असा की फरक या त्रुटीच्या दुपटीहून, म्हणजे ०.२३ हून, मोठा नसेल तर त्यावर काही बोलू नये. ‘अ’ तुकडी २.८५ आणि ‘ब’ तुकडी २.७०, हा फरक ०.१५ चा आहे. नोटीस बोर्डावर लावण्याइतकं त्यात काही नाही.

सरासरीपेक्षा वाटणी बघा. २.७ ही सरासरी सगळी मुलं मध्यावर असतानाही येते आणि अर्धी मुलं खूप पुढे, अर्धी पार बाहेर असतानाही येते. या दोन वर्गांना लागणारे उपाय अगदी वेगळे आहेत. ‘एकदाही नाही’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी प्रत्येक विधानासमोर लिहिली तर हे एका नजरेत दिसतं.

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमातून आली, आता सगळं इंग्रजीत आहे. ती वर्गात कधीच बोलत नाही. तिचा सहभाग कमी धरला जाईल का?
– एक पालक, लोणी काळभोर

तोंडी उत्तरांवरच गुण मोजणाऱ्या वर्गात तसं होईल, आणि ते मोजमाप चुकीचं ठरेल. अनेक मुलं इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत प्रश्न पुढे गेलेला असतो. तुमच्या मुलीनं रात्री तो मुद्दा वहीत मराठीत मांडला असेल तर ती शिकण्यात पूर्ण उतरलेली आहे. शिक्षकांनी म्हणून चिठ्ठीवर कोणत्याही भाषेत उत्तर चालेल असं स्पष्ट सांगावं आणि आधी शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलून मग वर्गापुढे मांडायला लावावं.

लोणीहून रोजचा प्रवास, त्यात घरचं काम किंवा ‘कमवा व शिका’चे तास, हेही मोजणीत यायला हवेत. चांगल्या प्रश्नावलीत गेल्या ७ दिवसांतले प्रवासाचे, नोकरीचे, घरकामाचे आणि अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेसाठी घालवलेले तास वेगवेगळे विचारलेले असतात. सदाशिव पेठेत दिवसाचे सहा तास एमपीएससीचा अभ्यास करणारा मुलगा पदवीच्या वर्गात गैरहजर दिसतो. त्याला आळशी ठरवून केलेला कुठलाही उपाय त्याला लागू पडणार नाही.

प्रश्न : फॉर्म भरताना कॉलेजच्या ईमेलनं लॉगिन करायला लावतात. आमची नावं सरांना कळतात का? खरं लिहिलं आणि इंटर्नलला मार्क कापले तर?
– एसवायची विद्यार्थिनी, कर्वेनगर

गूगल फॉर्ममध्ये दोन वेगळ्या सोयी आहेत. ‘एकच प्रतिसाद’ ही सोय चालू केली की लॉगिन करावं लागतं, पण तेवढ्यानं फॉर्म बनवणाऱ्याला ईमेल दिसत नाही. ‘ईमेल पत्ते गोळा करा’ चालू असेल तर दिसतो, आणि तसं असल्याची सूचना फॉर्मवर येते. ती वाचूनच पुढे जा. रोल नंबर विचारला असेल तर फॉर्म निनावी नाही, वर काहीही लिहिलेलं असो.

महाविद्यालयांनी इथे जास्त काळजी घ्यायला हवी. तुकडी, लिंग, माध्यम आणि जिल्हा असे चार प्रश्न एकत्र विचारले की ‘ब तुकडीतली, उर्दू माध्यमाची, बीडची मुलगी’ ही एकच व्यक्ती उरते. १० पेक्षा कमी जणांच्या गटाचे आकडे अहवालात वेगळे दाखवू नयेत. शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हातात मूळ प्रतिसाद इंटर्नलचे गुण जाहीर होईपर्यंत जाऊ नयेत, ते दुसऱ्या विभागानं सांभाळावेत. नावानिशी माहिती घेणार असाल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लक्षात ठेवा. त्यात १८ वर्षांखालच्या व्यक्तीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे आणि एफवायच्या वर्गात सत्राच्या सुरुवातीला १७ वर्षांची मुलं असतात.

सत्राच्या सुरुवातीचा आणि शेवटचा फॉर्म एकाच विद्यार्थ्याचा आहे हे नाव न घेता जोडायचं असेल तर सांकेतिक खूण वापरा : आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेतला दिवस, पहिल्या शाळेच्या नावाचं पहिलं अक्षर. ‘सु-०७-ज्ञा’ अशी. मोबाइलचे शेवटचे अंक घेऊ नका, सिमकार्ड बदलतं.

प्रश्न : या गुणांवरून शिक्षकांची क्रमवारी लावावी किंवा मुलांना सहभागाचे ५ गुण द्यावेत, असा आमचा विचार आहे.
– एक प्राचार्य, पिंपरी

दोन्ही करू नका. गुण जोडले की त्या क्षणापासून मुलं सहभागाचा देखावा करतील आणि उरलेलं सगळं मोजमाप निकामी होईल. शिक्षकांच्या बाबतीत सकाळी ७.२० चा सक्तीचा विषय आणि ११ वाजताचा निवडीचा विषय यांची तुलनाच अन्यायाची आहे. आकडे शिक्षकाला त्याचे स्वतःचे, मागच्या सत्राच्या शेजारी ठेवून द्या.

तुमचा अधिकार दुसरीकडे फार उपयोगी पडेल. सर्वेक्षणानंतर दोन आठवड्यांच्या आत प्रत्येक वर्गात एक पानी कागद वाचला जाईल, असं पाहा. त्यात काय कळलं, त्यातलं याच सत्रात काय बदलणार, आणि काय बदलता येणार नाही व का, एवढंच असावं. ‘४१ टक्के मुलांनी सात दिवसांत एकदाही शंका विचारली नाही, म्हणून शुक्रवारच्या ट्युटोरियलची पहिली १५ मिनिटं शंकांसाठी, ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवणं मात्र या वर्षी मनुष्यबळाअभावी शक्य नाही’, इतकं उघड लिहावं. बदल एका वेळी एकच करा, दोन केले तर कशाचा परिणाम झाला ते कळत नाही. बाराव्या आठवड्यात तीच पाच विधानं पुन्हा द्या. मधल्या काळात एखादं वाक्य सुधारावंसं वाटलं तरी त्याच सत्रात हात लावू नका. बदललेल्या विधानाची जुन्या आकड्याशी तुलना होत नाही, ती सुधारणा पुढच्या जूनसाठी लिहून ठेवा.